बावीस पावलं

बडोद्याला समुद्र नाही.
विश्वामित्री आहे, पण तिच्यात मगरी,
आणि मगरींना उतारू ने-आण करण्यात रस नाही.
तरीही या गावात आम्ही पाचजण आहोत
ज्यांना म्हाताऱ्या बोटींचं वेड आहे.

रविवारी साडेसहाला डेपोवर जमलो.
खानविलकर, आमचे अध्यक्ष,
पाणी हललं की त्यांना मळमळतं,
म्हणून खिशात आल्याचा तुकडा.
गुप्तेबाईंच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये
कोकणबोटीची गुलाबी तिकिटं,
घोघ्याच्या फेरीचं एक, ओलं होऊन वाळलेलं.
शितोळे फक्त इंजिनांचे आवाज टिपतात.
घरी सांगून आलेत, सत्संगाला चाललो.
बारावीतला निमिष वही घेऊन.
आणि मी. पतपेढीत बत्तीस वर्षं.
बेरजेपलीकडे मला काही येत नाही.

डभोईला चहा. पुढे कापूस, केळी, कापूस.
चांदोदला घाट उतरताना गुडघे मोजत होते
पायऱ्या, मी नाही.

कनुभाई माछी लाँचच्या टपावर बसून
दात कोरत होता.
आमच्याकडे बघून सवयीनं उठला, आवाज खाली आणला:
अस्थी कोणाच्या?
कोणाच्याच नाहीत, अध्यक्ष म्हणाले,
आम्ही हिला बघायला आलोय.
त्यानं आम्हाला बघितलं, मग तिला बघितलं,
जणू घरातल्या म्हातारीला
कुणी मागणी घालायला आलंय.

रेवाबेन. नाव तीनदा रंगवलेलं,
निळ्याखाली हिरवं, हिरव्याखाली
निमिषनं नखानं काढलं तेव्हा तांबडं.
इंजिन राजकोटचं, आधी कुणाच्या विहिरीवर
पाणी उपसायचं.
आयुष्यभर पाणी वर ओढून शेवटी
पाण्यावरच येऊन पडलं बिचारं, गुप्तेबाई म्हणाल्या.
शितोळ्यांनी बोट ओठावर ठेवलं.
टेप चालू होती.

पलीकडे पोइच्याचा पूल दिसत होता,
वरून गाड्या, एकही थांबत नव्हती.
पूल झाला आणि उतारू संपले.
आता फक्त राख येते, आणि राखेलाही
छोटी होडी पुरते.

संगमावर इंजिन खोकलं आणि बंद पडलं.
ओरसंग एका रंगाची, नर्मदा दुसऱ्या,
आम्ही मधल्या शिवणीवर
हळूहळू आडवे होत गेलो.
कुणी घाबरलं नाही. खरं सांगायचं तर
आम्हाला एवढं सुख कधी झालं नव्हतं.
खानविलकरांचं आलं खिशातच राहिलं.
शितोळ्यांनी सात मिनिटं टिपली:
लाकडाचं कुरकुरणं, एक बगळा,
कनुभाईची एक शिवी, तिचा प्रतिध्वनी नाही.

मग त्यानं पान्याच्या टोकानं कुठेतरी ठोकलं
आणि ती उठली.

काठावर लागताना त्यानं सहज विचारलं,
घेता का? पुढच्या महिन्यात मोडीत जायचीय.
भंगारवाला एक लाख दहा देतो, तुम्हाला नव्वदला.
का आम्हाला कमी, हे कुणी विचारलं नाही.
पाच जोडी चपला पायऱ्यांवर गप्प.
नव्वद भागिले पाच, अठरा हजार.
निमिष वगळला तर साडेबावीस.
हा हिशोब मी मनात केला,
आणि बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून कळलं
की आज सगळ्यांनाच भागाकार येतो.
आम्ही त्याला भाडं दिलं, वर शंभर दिले,
तो म्हणाला, आवजो.

परतीच्या बसमध्ये शितोळे डोळे मिटून
ते सात मिनिटं ऐकत होते, एकच कान देऊन.
दुसरा त्यांनी निमिषला दिला होता.
वहीत लाँचची रेघ होती, पाणी नव्हतं.
ते तो काढतच नाही म्हणे, ते आपोआप येतं.

रात्री पावणेअकराला मी खाली उतरले.
सोसायटीचं पार्किंग, दिवा एक चालू, एक फडफडता.
वॉचमन म्हणाला, काही हरवलं का?
मी भिंतीपासून गेटपर्यंत चालून पाहिलं,
टाचेला टाच लावून नाही, नेहमीसारखंच.
दुपारी कनुभाईचं लक्ष नसताना
नाळेपासून वल्ह्यापर्यंत चालले होते, तशीच.

तिथे बावीस.
इथे साडेबावीस,
देसाईंनी स्कूटर जरा सरकवली तर.